जुन्या डिझेल टाकीचा प्लॉट : माती आणि पाणी नक्की तपासायचं कसं? (आडगाव, नाशिक)

रिकामा_प्लॉट (धागाकर्ता) · १४ मार्च, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आडगावच्या पुढे हायवेपासून जरा आत आमचा वडिलोपार्जित तीस गुंठ्यांचा तुकडा आहे, एनए झालेला. बाबांनी तो १९८९ ला एका ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने दिला, त्यांनी ट्रक उभे करायला यार्ड केलं, कोपऱ्यात गॅरेज, आणि स्वतःच्या गाड्यांपुरता डिझेलचा पंप, जमिनीखाली टाकी. २०१५ ला ते सोडून गेले तेव्हापासून नुसत्या बाभळी. आता एक पार्टी कोल्ड स्टोरेजसाठी घ्यायला तयार आहे, भाव पण बरा देतायत, पण त्यांच्या बँकेचं म्हणणं की जागेखालच्या मातीत आणि पाण्यात इंधन मुरलंय का याचा रिपोर्ट आणा, मग पुढचं बोलू.

मी काय केलं, प्लॉटवरच्या जुन्या बोअरचं पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि एका लॅबला नेऊन दिलं. रिपोर्ट आला, टीडीएस, हार्डनेस, क्लोराइड सगळं ठीक, खाली शिक्का 'पिण्यायोग्य'. पार्टीला पाठवला तर त्यांचा माणूस फोनवर हसला राव. आता दोन कन्सल्टंटची कोटेशनं आलीयत, एक म्हणतो तीन बोअर, दुसरा म्हणतो नऊ, आकड्यात चौपट फरक, आणि मला मुळात हेच कळत नाहीये की शोधायचंय काय. त्यात शेजारच्या मळ्यातले नाना म्हणतात त्यांच्या बोअरच्या पाण्यावर तेलासारखा तवंग येतो, आणि दोन वर्षं झाली ते मला बघून न बघितल्यासारखं करतायत.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चिवडा_पाकीट · १४ मार्च, रात्री ११:३१

बोअरला डिझेल लागलं असेल तर प्लॉट कशाला विकताय, पंप टाका की 😀

थॉमसन_बाग · १५ मार्च, सकाळी ६:०५

भाऊ आधी नानांचा तवंग बघून घ्या. आमच्याकडं पिंपळगावला पण एकदा असंच झालेलं, सगळी वस्ती म्हणाली डिझेल. एक काडी घ्या आणि तवंगाला मधोमध टोचा. काचेसारखे तुकडे पडून वेगवेगळे तरंगत राहिले तर तो लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर, तेल नाही. काडी काढल्यावर रंग पुन्हा गोल फिरून एकत्र आला तर मात्र तेल. आमचं दुसऱ्यातलं निघालं, पण ते आमच्याच मोटरचं! सबमर्सिबल मोटर ऑइलवाली असली आणि तिचं सील गेलं की आतलं तेल बोअरमधेच उतरतं. मोटर वर काढली, सील बदललं, दोन महिन्यात पाणी स्वच्छ.

बेसाल्ट · १५ मार्च, सकाळी ९:४०

थॉमसन यांना +१, काडीचा प्रयोग फुकट आहे आणि बऱ्याचदा भांडण तिथंच मिटतं.

आता मूळ प्रश्न. मी भूगर्भवाला, आता रिटायर, हयात विहिरी आणि बोअर मोजण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपल्याकडं जमीन कशी आहे ते आधी डोळ्यासमोर आणा. वर काळी माती, कुठं दोन फूट कुठं दहा, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा मऊसर खडक, मग घट्ट काळा कातळ, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधे कुठं कुठं लाल गेरूचा पट्टा. पाणी सगळीकडं सारखं नसतं, ते मुरमात असतं आणि कातळाच्या भेगांमधे असतं. वाळूच्या प्रदेशात इंधन सांडलं तर ते उताराच्या दिशेला बऱ्यापैकी नीट पसरत जातं, पुस्तकातली चित्रं तिथलीच असतात. आपल्या दख्खनच्या कातळात ते भेग सापडेल तिकडं जातं. दहा फुटांवरचा बोअर कोरडा आणि शंभर फुटांवरचा भरलेला हे जसं पाण्याचं होतं तसंच डिझेलचं होतं. म्हणून तीन की नऊ हा प्रश्नच उलटा आहे, आधी कुठं हे ठरवायचं मग किती.

दुसरं म्हणजे डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८२० ते ८६० ग्रॅम, त्यामुळे ते खाली उतरत उतरत पाण्याच्या पातळीशी पोचलं की तिथंच तरंगत बसतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेलही खाली जातं, पावसाळ्यात वर आली की तेल वर ढकललं जातं, आणि या चढउतारात मधल्या सगळ्या मुरमाला चोपडून ठेवतं. तुमचा जुना बोअर किती खोल? दोनशे फूट असणार. मोटर दीडशे फुटांवर. म्हणजे तुम्ही बाटली भरलीत ती खालच्या भेगेतल्या पाण्याची, आणि डिझेल असलंच तर ते वीस-तीस फुटांवर तरंगतंय. ताकावरचं लोणी शोधायला पातेल्याच्या तळाला नळी लावल्यासारखं झालं ते.

व्हायल_४० · १५ मार्च, दुपारी १:१५

लॅबवाली हजर. बेसाल्ट काकांनी पाण्याचं सांगितलं, मी बाटलीचं सांगते कारण ती वाचून माझ्या पोटात गोळा आला.

दादा, तुम्ही जे पॅकेज घेतलंत ते पिण्याच्या पाण्याचं नेहमीचं, त्यात इंधन शोधतच नाहीत. 'पिण्यायोग्य' हा शिक्का फक्त जेवढं तपासलं तेवढ्यापुरता. तुम्हाला मागायचंय ते टीपीएच, म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, तेही हलके आणि जड भाग वेगळे दाखवून, शिवाय बीटेक्स (बेन्झीन, टोल्युइन, इथिलबेन्झीन, झायलीन) आणि डिझेल आहे म्हणून पीएएच (एकापेक्षा जास्त कडी जोडलेली हायड्रोकार्बन). नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळीचा वास, तो यातलाच.

आणि प्लॅस्टिकची बाटली चालत नाही. उडून जाणाऱ्या घटकांसाठी ४० मिलीलिटरची काचेची कुपी, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर, काठोकाठ भरायची, उलटी करून टिचकी मारायची आणि आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा म्हणजे बेन्झीनला पळायला खोली. आत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं असतं म्हणजे जिवाणू वाटेत जेवत नाहीत, मग बर्फात ४ अंशांना ठेवून १४ दिवसांच्या आत मशीनवर. जड भागासाठी वेगळी, तपकिरी काचेची लिटरची बाटली. लोक गाडीच्या डिकीत तीन दिवस सॅम्पल फिरवून आणतात आणि मग म्हणतात बघा काहीच नाही निघालं. निघणार कसं, ते द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधे उडून गेलं.

अजून एक, 'वास नाही म्हणजे नाही' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. डब्ल्यूएचओनी पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवलीय आणि पाण्यात त्याचा वास जाणवायला लागतो लिटरला १० मिलीग्रॅमच्या आसपास. हजार पट. डिझेलमधे बेन्झीन नावालाच असतं आणि डिझेलचा वास लवकर येतो, पण यार्डात पेट्रोल कधी साठवलंच नाही याची खात्री आहे का?

डिपरॉड · १५ मार्च, रात्री १०:०२

पंपावर २२ वर्षं काढली, मॅनेजर होतो, म्हणून बोलतो. लोकांना वाटतं टाकी गळते. टाकी गळते पण त्याआधी बाकी सगळं गळतं. पाइपाचे जॉइंट, डिस्पेन्सरच्या (गाडीत तेल भरायच्या मशीनच्या) खालचा खड्डा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे टँकर खाली करायची जागा, जिथं होज काढताना रोज पाव-अर्धा लिटर सांडतं आणि कोणी मोजत नाही. ट्रान्सपोर्टच्या यार्डात तर ड्रायव्हर टाकी फुल करताना नोझल सोडून चहाला जातात.

हिशोब करून बघा, सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं, वर्षाला दीड हजार लिटर. आणि डिपरॉडने (टाकीत बुडवायच्या मोजपट्टीने) टाकी मोजताना चार लिटर कधी दिसत नाहीत, 'उडालं असेल' म्हणून रजिस्टरला लिहून मोकळे. त्यामुळे जुनं स्टॉक रजिस्टर मिळालं तर सोनं समजा. एखादा महिना कमी भरला तर ते माप चुकल्याचं, सगळे महिने थोडे थोडे कमी भरले तर ते गळतीचं.

आणि जमिनीखालची टाकी म्हणजे लायसन्स होतंच. डिझेल २५०० लिटरपर्यंत, तेही कुठलंही भांडं १००० लिटरच्या वर नसेल तरच विनापरवाना ठेवता येतं. तुमची टाकी किमान दहा-वीस हजारांची असणार, म्हणजे स्फोटक खात्याच्या (आताचं पेसो, नागपूर) मंजुरीचा नकाशा असणारच. त्यात टाकी, फिलपाइप (टँकर खाली करायचा पाइप), व्हेंट (वाफ बाहेर सोडायची नळी), डिस्पेन्सर सगळं मापासकट असतं. तो शोधा, जेसीबी नंतर.

रिकामा_प्लॉट · १६ मार्च, रात्री १२:४०

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांना दंडवत.

बोअर २१० फूट आहे, काका बरोबर ओळखलंत. पेट्रोलचं माहीत नाही. नकाशा बाबांच्या ट्रंकेत बघतो. एक शंका, आमच्या ओळखीचा रिगवाला आहे, तो म्हणतो माझ्या गाडीने चार बोअर मारून देतो स्वस्तात, कन्सल्टंट कशाला. चालेल का?

बेसाल्ट · १६ मार्च, सकाळी ८:१२

नको. पटकन सांगतो का नको.

बोअरवेलची गाडी हॅमरला दाबून हवा सोडते आणि ती हवा चुरा वर उडवते, त्यात उडणारं जे काय असेल ते सगळं उडून जातं. वर त्या हवेत हॅमरसाठी वंगणाचं तेल सोडलेलं असतं. म्हणजे जे शोधायचंय ते उडवून लावायचं आणि आपल्या खिशातलं तेल आत टाकून यायचं. आणि सगळ्यात वाईट, वरच्या मुरमात तेल असताना तुम्ही दोनशे फुटी भोक पाडलं, केसिंग वीस-तीस फूटच घातलं आणि बाजूने सील नाही केलं, तर वरचं तेलकट पाणी खालच्या चांगल्या भेगांत जायला रस्ता तुम्हीच करून दिलात. नानांच्या बोअरला आज काही नसलं तरी मग होईल.

मातीसाठी हाताचा ऑगर (गिरमिट), नाहीतर जेसीबीने चर, आणि कातळ लागला की कोअर (खडकाचा अखंड दांडा) काढणारी रोटरी. निरीक्षण विहिरी उथळ, पाण्याची पातळी जिथं वरखाली होते त्या सगळ्या टप्प्यात चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती धुतलेली बारीक खडी, त्यावर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या मातीचा) बुच, वर कुलूप. चिरा पातळीच्या खाली सुरू झाल्या तर तरंगणारं तेल पाइपात येतच नाही, आणि रिपोर्ट छान येतो. असे छान रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत.

चिवडा_पाकीट · १६ मार्च, सकाळी ८:५०

काका मी आजपासून मस्करी बंद, वाचतोय.

नोटरी_काका · १६ मार्च, दुपारी ४:२०

कायद्याचं थोडं. जुलै २०२५ मधे केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. त्यात संशयित जागेची प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, आणि ज्याने घाण केली त्याने साफसफाईचा खर्च द्यायचा हे सूत्र आहे. तुमच्या बाबतीत मेख अशी की घाण भाडेकरूने केली असली तरी आज सातबाऱ्यावर नाव तुमचं. म्हणून जुना भाडेकरार, पंपाचं लायसन्स कोणाच्या नावावर होतं, सोडताना जागेचा ताबा कसा दिला, हे कागद आत्ताच जमवा. आणि पार्टीपासून लपवून विकायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका, ते प्रकरण तुम्हाला प्लॉटच्या किमतीपेक्षा महाग जाईल.

सातबारा म्हटलं म्हणून आठवलं, जुने फेरफार पण काढा. पूर्वी ती जमीन काय होती ते कळेल.

रिकामा_प्लॉट · २९ मार्च, रात्री ९:५५

अपडेट देतो, जरा मोठं आहे.

नकाशा सापडला! निळा अमोनिया प्रिंट, घडीवर फाटलेला. २० किलोलिटरची एक टाकी, डिझेलच, आणि फिलपाइप टाकीच्या डोक्यावर नाही तर पंधरा फूट लांब कंपाउंडच्या भिंतीला. मी इतकी वर्षं समजत होतो टाकी गॅरेजखाली आहे, ती निघाली बाभळीखाली.

काडीचा प्रयोग करायला नानांच्या मळ्यात गेलो. आधी म्हणाले कशाला आलास. मग काडी टोचली तर तवंग फुटला, काचेसारखा. नाना बराच वेळ बादलीत बघत बसले, मग म्हणाले चहा घे. पण मी तेवढ्यावर खूष नाही झालो, व्हायल ताईंनी सांगितलं तसं त्यांच्याही बोअरचं सॅम्पल घ्यायचं ठरवलंय, नाना हो म्हणाले.

आणि आता खरी गंमत. नोटरी काकांच्या सांगण्यावरून जुना सातबारा काढला, १९८० च्या सुमाराचा, त्यात इतर हक्कात लिहिलंय 'विहीर एक'. विहीर? मी जन्मात तिथं विहीर पाहिली नाही. आत्याला फोन केला, ती आता सिन्नरला असते, ८१ वर्षांची. ती म्हणाली, अरे आंब्याखालची विहीर, आम्ही तिथं पोहायला शिकलो, ट्रकवाले आले त्यांनी वर स्लॅब टाकून बुजवली, गाड्या वळवायला जागा पाहिजे म्हणून. कुठं होती विचारलं तर म्हणाली आंब्यापासून सोळा पावलं. आंबा तर १९९० च्या आधीच तोडलेला.

कन्सल्टंट (आता एकच ठेवलाय, नऊ बोअरवाला नाही) त्याच्या नकाशात विहीर नव्हतीच.

बेसाल्ट · २९ मार्च, रात्री १०:२०

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. हेच ते.

बुजवलेली विहीर म्हणजे कातळातून थेट पाण्यापर्यंत गेलेला आठ-दहा फूट रुंदीचा खांब, आत भरलेली ढिली माती, विटा, टायर, काय वाटेल ते. आजूबाजूच्या घट्ट खडकात जे उतरायला वर्षं लागतील ते तिथून एका पावसाळ्यात उतरतं. आणि गॅरेज जवळ असेल तर जळकं इंजिन ऑइल कुठं ओतत असतील? त्याच स्लॅबच्या भोकातून, आणखी कुठं.

तुमच्या कन्सल्टंटचा राग करू नका, त्याला कोणी सांगितलंच नाही. पण आता पॉइंट बदलायला लावा. माझ्या मते एक उताराच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडं, म्हणजे बाहेरून काही येतंय का ते कळेल. एक फिलपाइप आणि टाकीच्या मधे. एक विहिरीच्या खालच्या अंगाला, पण विहिरीत नाही.

डिपरॉड · ३० मार्च, सकाळी ७:३०

विहिरीवरचा स्लॅब फोडायला कोणाला पाठवू नका हो अजून. बंद विहिरीत वाफ कोंडलेली असते, इंधनाची वाफ हवेपेक्षा जड, तळाला बसते, आणि खाली ऑक्सिजन नसतो. दरवर्षी गाळ काढायला उतरलेली माणसं जातात ते वाचतो ना आपण. आणि ग्राइंडरची एक ठिणगी. जुनी टाकी रिकामी असली तरी तेच, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट, कारण आत नुसती वाफ. टाकी काढणार असाल तर पाण्याने नाहीतर नायट्रोजनने वाफ बाहेर काढून, मीटरने बघून, मगच कटिंग.

थॉमसन_बाग · ३० मार्च, सकाळी ७:४४

रच्याकने (जाता जाता), उतार कुठं आहे ते डोळ्याने ठरवू नका, यार्डात भराव असतो.

रिकामा_प्लॉट · २६ एप्रिल, रात्री ११:०८

उशिराबद्दल सॉरी, मधे घरात लग्न होतं.

थॉमसन भाऊ तुमच्या एका ओळीने पैसे वाचवले. मला शंभर टक्के वाटत होतं की उतार रस्त्याकडं आहे, पाऊस पडला की पाणी तिकडंच साचतं. लेव्हल मशीन लावलं, तीन निरीक्षण विहिरी झाल्या होत्या, प्रत्येकीच्या पाइपाच्या तोंडाची उंची मोजली आणि त्यातून पाण्याची खोली वजा केली. रस्त्याकडची क्रमांक १ मधे पाणी ९६.९ मीटरवर (गेटच्या दगडाला १०० धरून), टाकीजवळची २ मधे ९६.२, जुन्या विहिरीच्या बाजूची ३ मधे ९५.४. म्हणजे वरचं पाणी रस्त्याकडं आणि खालचं पाणी बरोब्बर उलटं, मागच्या नाल्याकडं. आधी विहीर ३ रस्त्याकडं घेणार होतो.

मातीचं सांगतो. ऑगरने दर दोन फुटांना नमुना, अर्धा झिपच्या पिशवीत, पिशवी उन्हात दहा मिनिटं ठेवायची आणि पीआयडीचं (इंधनाची वाफ मोजणाऱ्या हातातल्या मशीनचं) नाक आत घालायचं. रस्त्याकडं आकडा हललाच नाही. टाकीजवळ तीन फुटांवर थोडा. फिलपाइपच्या पायाशी चार फुटांवर मशीन ओरडायला लागलं आणि मुरूम राखाडी-हिरवट, रॉकेलच्या डब्यासारखा वास. टाकीच्या तळापर्यंत, अकरा फुटांवर, पुन्हा जवळजवळ शांत. डिपरॉड काका, तुमचं म्हणणं खरं ठरलं, टाकी धडधाकट आहे, सांडलंय ते टँकर खाली करताना.

लॅबचे आकडे : फिलपाइपजवळची माती, टीपीएच किलोला ६,४०० मिलीग्रॅम. टाकीखाली २१०. रस्त्याकडं काही नाही. पाण्यात निरीक्षण विहीर १ मधे काही नाही, २ मधे टीपीएच लिटरला ०.७ मिलीग्रॅम, आणि ३ मधे ४.१, वर बोटभर सुद्धा नाही पण इंद्रधनुष्य दिसेल इतका तवंग, आणि तो काडीने फुटत नाही. नानांच्या बोअरचं पाणी स्वच्छ, इंधन सापडलं नाही. नानांना रिपोर्टची झेरॉक्स दिली, त्यांनी ती देवघरात ठेवलीय.

हे वाईट किती आहे? कन्सल्टंट म्हणतो डच यादीनुसार मातीला ५,००० आणि पाण्याला ०.६.

व्हायल_४० · २७ एप्रिल, सकाळी १०:३०

बरोबर, डच हस्तक्षेप मूल्यं (आकडा याच्या वर गेला की साफसफाईचं बघायचं), आपल्याकडचे कन्सल्टंट ती तुलनेसाठी सर्रास वापरतात. त्यांच्या यादीत मिनरल ऑइल मातीत किलोला ५,००० मिलीग्रॅम, भूजलात लिटरला ६०० मायक्रोग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मधे मिनरल ऑइल ०.५ मिलीग्रॅम. म्हणजे २ नंबर काठावर ओलांडतेय आणि ३ नंबर कुठल्याही यादीने सातपट-आठपट वर.

पण दादा मला आकड्यापेक्षा आलेख बघायचाय. लॅबकडून क्रोमॅटोग्राम मागा, दोन्ही, मातीचा आणि ३ नंबरचा. ताज्या डिझेलचा आलेख कंगव्यासारखा असतो, एकसारख्या अंतरावर दात. जिवाणू आधी सरळ साखळीचे रेणू खातात म्हणून जुन्या डिझेलचे दात झडतात, प्रिस्टेन आणि फायटेन हे दोन हट्टी तेवढे उरतात आणि खाली एक कुबड. इंजिन ऑइलला दात नसतातच, नुसतं कुबड, तेही उजवीकडं सरकलेलं. कुठली घाण कोणाची ते यावरून कळतं.

रिकामा_प्लॉट · ५ मे, रात्री १०:४७

ताई, आले आलेख. मातीच्यात दात झडलेले, मधे कुबड आणि दोन उंच काट्या, म्हणजे जुनं डिझेल. ३ नंबरच्यात दोन कुबडं! एक मधलं आणि एक पार उजवीकडं मोठं.

व्हायल_४० · ५ मे, रात्री ११:१०

म्हणजे विहिरीत डिझेल आणि जळकं इंजिन ऑइल दोन्ही आहे. बेसाल्ट काका जिंकले. ऑइल आहे तर जड धातू पण तपासून घ्या, शिसं, झिंक वगैरे.

डिपरॉड · ६ मे, सकाळी ८:००

शिसं निघालं तर लगेच पेट्रोल म्हणू नका. देशात शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, पण गॅरेजात बॅटऱ्या फुटतात त्याचंही शिसं असतं.

चिवडा_पाकीट · ६ मे, सकाळी ९:१५

मग आता काय, सगळी माती उचलायची?

बेसाल्ट · ६ मे, सकाळी ११:०५

सगळी कशाला. फिलपाइपपाशी बारा बाय पंधरा फुटांचा डाग आहे, आठ फुटांच्या आत, तो उचलता येईल. पण उचललेली माती नाल्यात किंवा कोणाच्या भरावात टाकायची नाही, तिचा नमुना तपासून ती धोकादायक कचऱ्यात बसली तर अधिकृत केंद्रावरच, आपल्याला जवळचं म्हणजे रांजणगाव. नसेल तर तिथंच ताडपत्रीवर ढीग करून, ओलावा आणि थोडं खत देऊन, खालीवर करत जिवाणूंकडून साफ करून घेता येते, वेळ लागतो, पण कोल्ड स्टोरेजवाल्यांना तेवढी घाई नसावी.

विहिरीचं वेगळं. तिथं आधी वरचं तेल काढायचं, आतला भराव काढायचा, मग पाणी उपसून तेल-पाणी वेगळं करायच्या टाकीतून न्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका मोजणीवर उड्या मारू नका. आत्ता मे महिना, पाणी सगळ्यात खाली. पाऊस झाल्यावर पातळी दहा-बारा फूट वर येईल आणि वरच्या मुरमाला चोपडलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरेल. कधी कधी पावसाळ्यानंतर पाइपातला तवंग दिसेनासा होतो, लोक म्हणतात गेलं, ते गेलेलं नसतं, पाण्याखाली अडकलेलं असतं. दिवाळीच्या आसपास परत तिन्ही विहिरी आणि नानांचा बोअर. विरघळलेला ऑक्सिजन आणि लोखंड पण मोजा, जिथं जिवाणू डिझेल खातायत तिथं ऑक्सिजन संपलेला आणि लोखंड वाढलेलं असतं. नानांच्या बादलीत लोखंडाचे जिवाणू होते ते मी विसरलेलो नाही. ते नैसर्गिकही असेल, पण त्यांचा बोअर नाल्याच्या बाजूला आहे की नाही?

रिकामा_प्लॉट · ६ मे, दुपारी २:२०

नाल्याच्याच बाजूला आहे काका. ३ नंबरपासून दोनशे फुटांवर.

बेसाल्ट · ६ मे, दुपारी २:३१

मग दिवाळीची वाट नका बघू त्यांच्यासाठी. दर महिन्याला एक सॅम्पल, आणि त्यांना आजच सांगा की प्यायला ते पाणी सध्या नको, बागेला चालू द्या. रिपोर्ट देवघरात आहे म्हणून सांगायला जड जाईल, तरी सांगा.

नोटरी_काका · ६ मे, संध्याकाळी ६:००

आणि लेखी सांगा. प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयालाही पत्र जाऊ द्या, तुम्ही स्वतःहून कळवलंत हे पुढं उपयोगी पडतं.

रिकामा_प्लॉट · २१ मे, रात्री १०:१५

नानांना सांगितलं. चिडले नाहीत. म्हणाले खरं सांगायला आलास तेवढं पुरे. पिण्याचं पाणी आता मी त्यांना माझ्या घरून टाकीने देतोय. पार्टीला पण सगळं पाठवलं, आलेखांसकट. या वेळी त्यांचा माणूस हसला नाही, म्हणाला साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून बोलू, ऑक्टोबरचा रिपोर्ट येऊ दे. जुन्या भाडेकरूला नोटीस गेलीय, उत्तर नाही अजून.

शनिवारी विहिरीचा स्लॅब उघडतोय, कन्सल्टंटची माणसं, गॅस मीटर, ब्लोअर, पाण्याचा टँकर, सगळं ठरलंय, ग्राइंडर नाही, हातोडी-छिन्नी पण ठिणगी न पाडणारी पितळी. आत्या सिन्नरहून येतेय, म्हणते माझी विहीर आहे, उघडताना मी पाहिजे, नारळ फोडायचा, ओटी भरायची आणि उदबत्ती लावायची.

डिपरॉड · २१ मे, रात्री १०:२२

नारळ चालेल, ओटी चालेल. उदबत्ती आणि काडेपेटी गेटच्या बाहेर काढून घ्या आत्याबाईंकडून. आणि तुमचा मोबाईलसुद्धा.